सातशे चौदाचा शेवट

“थांबू नका बाई. तुमी थांबला का हात थांबत्यात.”

राजव्वाचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. घोगरा, तंबाखूच्या धुळीनं किसलेला. घोटभर पाणी प्यावं म्हणून मी पुस्तक मांडीवर पालथं घालायची, आणि विडी कारखान्याच्या त्या लांब पत्र्याच्या शेडमध्ये बत्तीस बायकांच्या कात्र्या एकदम मंदावायच्या. मान वर कुणीच करायचं नाही. डोळे मांडीवरच्या सुपात, सुपात तेंदूचं पान, पानावर चिमूटभर तंबाखू. संध्याकाळपर्यंत प्रत्येकीची हजार विडी वळून व्हायची असे. मग राजव्वा तेच म्हणायची, आणि मी तांब्या खाली ठेवून पुढचं वाक्य धरायची.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात लेखनिक होते. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधली सगळी दुपार माझी. ती दुपार आमच्या चिटणिसांच्या, कासारे सरांच्या डोळ्यांवर आली.

“इंदूताई, महिला विभागात गेल्या वर्षात सह्या किती?”

“अकरा, सर.”

“त्यातल्या चार तुमच्याच आहेत.”

“मग काय करू? बायका येत नाहीत.”

“बायका येत नाहीत तर आपण जायचं. पुस्तक घ्या, नोंदवही घ्या, आणि त्या विडीवाल्यांच्या शेडमध्ये जाऊन वाचा. तपासणीला साहेब आले की अंगठे तरी दाखवता येतील.”

अशी मी गेले. पहिल्या दिवशी शेडच्या दारातच नरसूबाईनं अडवलं. ती तिथली सगळ्यांत म्हातारी. पद्मशाली बायकांत तिचा शब्द चालायचा. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि दोन्हीतून टोमणे सारखेच धारदार.

“वाचायचं तर वाच. पन शिकवाया आली असशील तर जा. आमाला काम हाय.”

“शिकवणार नाही. गोष्ट आहे.”

“कुनाची?”

“एका आईची.”

“मंग रडकी असंल,” नरसूबाई म्हणाली आणि पायानं एक स्टूल माझ्याकडे सारलं. “वाच.”

तिला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. म्हणून ती माझ्या स्टुलाला खेटून बसायची, उजवा कान माझ्या तोंडाकडे करून. आणि मी पान उलटलं की ‘हं’ म्हणायची. बैलगाडीचं चाक दगडावरून गेल्यासारखं, दर पानाला एक ‘हं’. चार वाजता मी नोंदवही फिरवायची. बायका अंगठे उठवायच्या, आणि शाईच्या निळ्यात तंबाखूचा तपकिरी मिसळून वहीचं पान दिवसभर वास मारायचं.

ती कादंबरी जुनी होती. मुखपृष्ठ गेलेलं, पहिलं पान गेलेलं. बाइंडरनं तांबडा पुठ्ठा घालून वर नुसता दाखल क्रमांक टाकला होता, ७१४. बायकाही तिला तसंच म्हणायच्या. “आज सातशे चौदा आणली का?” त्या सातशे चौदामध्ये आवडा नावाची एक विधवा होती आणि चंद्री नावाची तिची एकुलती एक लेक. चंद्री एका खेळवाल्याबरोबर निघून गेली होती. गावानं आवडाच्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आवडा राहिली, राबली, लेकीचं नाव काढेनाशी झाली. आणि शेवटाकडे, एका दिवेलागणीला, पोटुशी चंद्री परत येऊन तिच्या दाराची कडी वाजवते.

गोष्ट तिथवर आली तेव्हा राजव्वा मला आडोशाला घेऊन गेली. पानं भिजत घालायच्या हौदामागं. ओच्यातून तिनं एक पोस्टकार्ड काढलं.

“वाचा. हळू.”

मी वाचलं. भिवंडीहून आलं होतं. ‘आई, मला सातवा महिना संपत आला. इथे माझं कोणी नाही. बाळंतपणाला येऊ का? तू हो म्हणालीस तरच येईन. गुरुवारच्या आत कळव. सरोजा.’

सरोजा म्हणजे राजव्वाची मुलगी. तीन वर्षांपूर्वी परजातीतल्या एका टेम्पोवाल्याशी लग्न करून गेलेली. त्या दिवसापासून राजव्वाच्या दिरांनी तिच्या घरचं पाणी सोडलं होतं. नवरा आधीच गेलेला. तिला राहिली होती ती ही शेड, आणि शेडमधली नरसूबाई, जी नात्यानं तिची चुलत सासू होती. राजव्वा तिला अत्ता म्हणायची.

“काय कळवू?” मी विचारलं. “मी लिहून देते.”

राजव्वानं पोस्टकार्ड परत घेतलं. बोटांनी त्याच्या कडा चाचपल्या, पान कापायच्या आधी चाचपतात तशा.

“लेक आली तर अत्ताच्या मांडीला मांडी लावून बसता येनार न्हाई मला. न आली तर...” ती थांबली. “सातशे चौदा कदी संपती?”

“उद्या. परवा.”

“ती आवडा दार उघडती का?”

“मी पुढचं वाचलेलं नाही अजून.”

“मंग संपू द्या,” ती म्हणाली. “मंग बगू.”

मला तेव्हा हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण शेडमधल्या साऱ्याजणी तसंच करत होत्या. पोस्टकार्ड सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नव्हतं, बोलायचं ते आवडाबद्दल बोलायचं. “लेक झाली म्हनून काय झालं, आईच्या अब्रूचं काय?” असं एक म्हणायची. “पोटात वाढतंय त्यानं काय केलंय गं?” असं दुसरी. नरसूबाई म्हणायची, “आवडा शहानी असंल तर आतनं अडसर घालंल.” आणि असं बोलून झाल्यावर तीच म्हातारी ओवी म्हणायची, मराठी ओवी, पण चाल तेलुगू:

*पान भिजत घातलं, पान मऊ गं झालं,*
*दाराच्या कडीला, लोखंड कुनी दिलं.*

तिच्या मनात काय आहे ते त्या ओवीवरूनही कळायचं नाही.

सोमवारी संध्याकाळी वाचनालयात दिवे लावल्यावर मी दुसऱ्या दिवसाची तयारी करायला सातशे चौदा उघडली. शेवटचा फर्मा, एकत्र शिवलेला पानांचा गठ्ठा, नव्हता. सोळा पानं. शिवणीतून दोरा लोंबत होता. उरलेल्या शेवटच्या पानावर शेवटचं वाक्य असं होतं: ‘बाहेरून पुन्हा एकदा कडी वाजली. आवडा उठली. ती’

ती. पुढे पुठ्ठा.

पुस्तकाच्या पाठीमागच्या तारखांच्या चिठ्ठीवर पूर्वी नेणाऱ्यांचे सभासद क्रमांक होते. पहिला नंबर खुद्द कासारे सरांचा.

“सर, सातशे चौदाचा शेवट काय आहे?”

“चांगला आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे... वाचताना चांगला वाटला होता.” त्यांनी चष्मा पुसला. “ती मरते बहुतेक.”

“कोण?”

“कोणीतरी मरतं, इंदूताई. त्या काळच्या कादंबरीत मेल्याशिवाय सोडत नसत.”

दुसरा नंबर पोस्टमन भिंगारदिव्यांचा. ते वर्तमानपत्राच्या टेबलाशीच होते. “ती? ती देवळात जाऊन राहते की,” ते छातीठोक म्हणाले. “हां, तिच्यातच तो हत्ती येतो ना?” त्या कादंबरीत हत्ती नव्हता.

तिसरे खोलम सर, हायस्कूलचे निवृत्त मराठीचे शिक्षक. त्यांनी हातातलं मासिक खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“ती दार उघडत नाही.”

“नक्की, सर?”

“माझ्या घरी स्वतःची प्रत होती, कुणीतरी नेली ती गेलीच. पण तो शेवट विसरायचा नाही. आवडा दाराला पाठ लावून आत बसते. बाहेर पोरगी दाराला पाठ लावून बसते. मधे एक फळी. सकाळी पोरगी गेलेली असते.” त्यांनी मासिक पुन्हा हातात घेतलं. “तेच त्या कादंबरीचं मोठेपण आहे, बाई. दार उघडलं असतं तर कुणी लक्षात ठेवली असती?”

मी मान हलवली. त्यांचं बरोबर होतं. पण बरोबर शेवट घेऊन मला त्या शेडमध्ये जायचं होतं, आणि हौदामागं एक बाई पोस्टकार्ड ओच्यात खोचून उभी होती.

मंगळवारी दुपारी मी स्टुलावर बसले. नरसूबाई खेटून बसली. राजव्वा समोरच्या रांगेत, तिसरी. मी होती तेवढी पानं वाचली. दर पानाला ‘हं’ आलं. मग शेवटचं पान आलं.

“बाहेरून पुन्हा एकदा कडी वाजली. आवडा उठली. ती...”

कात्र्या थांबल्या.  ‘थांबू नका’ असं राजव्वाही म्हणाली नाही.

“ती...” मी म्हणाले. पुस्तक मी तोंडाजवळ धरलं होतं, अक्षरं दिसत नसल्यासारखं. “ती दारापाशी आली. तिच्या मनात आलं, ही कडी आपण तीन वर्षं रोज लावली. रोज आतून लावली. बाहेर कोण आहे ते तिला माहीत होतं. पोरीच्या श्वासावरून माहीत होतं. लहानपणी पळत आली की असाच लागायचा तिला श्वास. आवडाला वाटलं आता आपण विचार करू. पण तिच्या लक्षात आलं की आपला हात केव्हाच कडीवर गेला आहे.”

शेडमध्ये कुणीतरी नाक ओढलं.

“कडी गंजली होती. निघेना. तेव्हा बाहेरून चंद्री म्हणाली, आई, वर उचल आणि मग ओढ. तुला दर पावसाळ्यात सांगावं लागतं. आणि आवडानं वर उचलली आणि ओढली.”

मी अजून बरंच काही बोलले. काय ते आता आठवत नाही. पाणी तापवलं, भात टाकला, गाव दाराशी जमलं आणि आवडानं गावाकडे बघून भाताचं झाकण काढलं, असं काहीतरी.  पुस्तक मिटलं तेव्हा मला एवढंच जाणवलं की नरसूबाईनं मघापासून एकदाही ‘हं’ म्हटलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारीला राग आला.

राजव्वानं हातातली विडी बांधली, दोरा दातांनी तोडला, विडी सुपात ठेवली. अंगठा उठवायला आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा अंगठा वहीवर जरा जास्त वेळ राहिला, एवढंच.

बुधवारी मी नवं पुस्तक घेऊन गेले तर राजव्वाची जागा रिकामी.  मी स्टुलाकडे वळले तेवढ्यात शेवंता नावाची एक तरणी बाई म्हणाली, “बाई, काल मी माल द्याया गेलते. त्यो शेवट परत येकदा वाचा की!”

“हा बाई, परत वाचा,” आणखी दोघीतिघी म्हणाल्या.

नरसूबाई सुपासकट उठली. तंबाखू सांडली. तिनं तंबाखू सांडलेली मी कधी पाहिली नव्हती.

“काय बी परत वाचायचं न्हाई! बाई, ती बुकं उचला. उद्यापासनं हितं पाऊल टाकू नका.”

“नरसूबाई, काय झालं?”

“काय झालं ते तुमाला ठावं. बुकात लिवलं म्हनून आमची सून लेकीला आनाया गेली. आमाला नको तुमची बुकं. चला, निगा.”

“अत्ता, नवी गोष्ट तरी...” शेवंता म्हणाली.

“तुजं तोंड चालतंय तेवडा हात चालव.”

मी निघाले. दोन महिन्यांचे अंगठे असलेली ती वही छातीशी धरून त्या उन्हातून वाचनालयापर्यंत चालत आले. चिटणिसांनी वही चाळली, “एवढे पुष्कळ झाले,” म्हणाले आणि कपाटात ठेवली.

पुढचं मला कानावरून कळत गेलं. सरोजा आली. मुलगी झाली. बारशाला जातीतलं कुणी गेलं नाही, नरसूबाईसुद्धा नाही. राजव्वाची शेडमधली जागा गेली. ती घरीच पानं नेऊन विड्या वळू लागली, एकटी, भिंतीकडे तोंड करून. बत्तीस बायकांतून ती उठली ती माझ्या एका खोट्या शेवटामुळे, हे माझ्या मनात जे बसलं ते बसलंच. बाजारात ती लांबून दिसली की मी दुसऱ्या गल्लीत वळायची. एकदा तर भाजीची पिशवी तशीच टाकून वळले. अशी अठ्ठावीस वर्षं वळले.

या वर्षांत वाचनालय बदललं. आता तिथं कादंबरी नेणारं कुणी येत नाही. खालच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन सकाळपासून बसतात आणि कपाटांना पाठ लावून दिवसच्या दिवस पाठ करतात. कासारे सर गेले. भिंगारदिवे गेले. नरसूबाई तर केव्हाच गेली. मागच्या उन्हाळ्यात खोलम सर गेले आणि त्यांच्या मुलांनी पोत्यांत भरून पुस्तकं पाठवली. माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं, गुडघे दुखतात, पोती उपसायला मीच. तिसऱ्या पोत्यात सातशे चौदा सापडली. म्हणजे तीच कादंबरी, मुखपृष्ठासकट, शेवटासकट. आतल्या पानावर सरांची सही. नेलेली प्रत कुणीतरी आणून दिली होती म्हणायची.

मी तिथंच फरशीवर बसून शेवटची सोळा पानं वाचली. सर बरोबर होते. दाराला आतून एक पाठ, बाहेरून एक पाठ.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून मी राजव्वाकडे गेले. रस्ता कुणाला विचारावा लागला नाही. इतकी वर्षं तो टाळत होते, म्हणून पाठ होता.

ती ओट्यावर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदूचं दूध. मांडीवर रिकामं सूप, त्यात तांदूळ नाही, पान नाही, काहीच नाही. पायरी वाजली तशी म्हणाली, “कोन?”

“इंदू. वाचनालयातली.”

तिनं आवाजाकडे मान वळवली. “सातशे चौदावाल्या बाई,” म्हणाली. “बसा.”

मी बसले. सरोजा बरी होती, भिवंडीलाच होती. नात नर्स झाली होती, महिन्यातून एकदा येऊन आजीच्या डोळ्यांत औषध घालून जायची. हे तिनं मी न विचारता सांगितलं.

“राजव्वा,” मी म्हणाले, “तो शेवट पुस्तकात नव्हता. पानं फाटलेली होती. मी मनाचं सांगितलं. आणि खरा शेवट काय ते मला आदल्या दिवशी कळलेलं होतं, तरी सांगितलं. तुमची जागा माझ्यामुळे गेली.”

तिनं सूप बाजूला केलं नाही.

“खरा कंचा?”

“दार उघडत नाही.”

“आनलंय?”

“हो.”

“मंग वाचा.”

मी वाचलं. उन्हं ओट्यावरून भिंतीवर चढली. माझा आवाज आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. मधे दोनदा तुटला, आणि मी थांबले तेव्हा तिनं हात हलवून पुढं म्हणून सांगितलं. तिची बोटं रिकाम्या सुपात चालत होती. पान, तंबाखू, वळ, दुमड, दोरा. मी सोळा पानं उलटली. सकाळी चंद्री गेलेली होती. उंबऱ्यावर तिच्या बसण्याची धूळ पुसलेली जागा होती. मी पुस्तक मिटलं.

“हे बरं लिवलंय,” राजव्वा म्हणाली. “पन हे त्या दिवशी वाचलं असतं तर म्या मेले असते बाई.”

मी पुस्तक पिशवीत घातलं.

“तुमी रस्ता बदलायच्या,” ती म्हणाली. “मला दिसायचं. तवा डोळं चांगलं हुतं. मला वाटायचं, सरोजाला घरात घेतली म्हनून तुमालाबी आमचा इटाळ झाला.”

“नाही हो. नाही. मला वाटायचं तुम्ही... नरसूबाईनं तर मला हाकलूनच दिलं होतं.”

राजव्वा हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग पदरानं तोंड पुसलं, आणि आजूबाजूला कुणी आहे का ते कानानंच बघून घेतलं, जणू शेड अजून भरलेली आहे.

“अत्तानं शपथ घातलीवती, म्हनून बोलले न्हाई कुनाला. ती गेली तरी न्हाई बोलले. त्या मंगळवारी सांजच्याला माल देऊन आमी दोघी घराकडं निगालो. मी म्हनलं, अत्ता, बुकातबी आईनं दार उघडलं. तशी अत्ता थांबली, माजा हात धरला आन् हळू म्हनली, ‘राजे, ती पोरगी मनाचं वाचत हुती. पान येकबी उलटलं न्हाई तिनं, मी शेजारीच हुते. आता कुनाला बोलू नको. तू पाटंच्या पयल्या गाडीनं जा, पोरीला घेऊन ये. उद्या बाया परत वाच म्हनतील, आन् ही पोरगी लई साधी हाय, घाबरून खरं बोलून बसंल. मी तिला आत येऊच देत न्हाई.’”